लोकजीवनाची गुणवत्ता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खानेसुमारीच्या दप्तरात माणसांची संख्या, वय आणि व्यवसाय यांची नोंद होते. परंतु ती माणसे आपल्या जगण्याविषयी स्वतः काय म्हणतात, हे जाणण्यासाठी जे शास्त्र गेल्या काही दशकांत उभे राहिले, त्याच्यासंबंधी सुशिक्षितांच्या मनातही काही गैरसमज दृढ झालेले आढळतात.

गैरसमज : उत्पन्न वाढले की जीवनाची गुणवत्ता आपोआप वाढते.

वस्तुस्थिती : उत्पन्नाचे महत्त्व निर्विवाद आहे; तथापि तो आकडा एकटा अपुरा पडतो हे ओळखूनच मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९७९ साली साक्षरता, बालमृत्यू आणि आयुर्मान यांवर आधारलेला निर्देशांक मांडला, आणि १९९० साली महबूब उल हक यांच्या पुढाकाराने मानवी विकास निर्देशांक प्रसिद्ध झाला. मात्र हे दोन्ही निर्देशांक समूहाची सरासरी सांगतात. एकेका व्यक्तीचा अनुभव त्यांच्या कक्षेबाहेरच राहतो.

गैरसमज : अनुभव व्यक्तिगत असल्यामुळे त्याचे शास्त्रीय मापन असंभव आहे.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ साली आरंभिलेल्या कार्यात दिल्ली व मद्रास यांसह निरनिराळ्या संस्कृतींतील १५ केंद्रांनी मिळून १०० प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. तिच्या २६ प्रश्नांच्या संक्षिप्त आवृत्तीत शारीरिक स्वास्थ्य, मानसिक स्वास्थ्य, सामाजिक संबंध आणि परिसर या चार क्षेत्रांतील मागील दोन आठवड्यांचा अनुभव विचारला जातो. थोड्या अवधीने पुन्हा विचारले असता उत्तरे जुळतात काय, आजारी व निरोगी यांतील भेद त्यांतून प्रकट होतो काय, या कसोट्यांना उतरलेली प्रश्नावलीच ग्राह्य मानली जाते.

गैरसमज : रुग्णाची स्थिती पाहून डॉक्टर किंवा नातलग त्याच्या जीवनाची गुणवत्ता ठरवू शकतात.

वस्तुस्थिती : गंभीर व दीर्घकालीन अपंगत्व असलेल्या ज्या व्यक्तींशी अमेरिकेतील अल्ब्रेक्ट आणि डेव्हलीगर या संशोधकांनी संवाद साधला, त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपले जीवन चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले, असे त्यांच्या १९९९ सालच्या अभ्यासात नमूद आहे. पाहणाऱ्याला जेथे केवळ उणीव दिसते, तेथे जगणाऱ्याला आपल्या आयुष्याचा अर्थ आणि समतोल गवसलेला असू शकतो.

गैरसमज : हे प्रश्न रुग्णांनाच विचारावेत, धडधाकट जनतेला विचारणे व्यर्थ होय.

वस्तुस्थिती : सर्वसाधारण जनतेतही कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला चिंता ग्रासते; त्यामुळे अशा प्रश्नावलीत तीही पूर्ण गुण मिळवीत नाही. म्हणूनच सत्तर वर्षांच्या रुग्णाच्या गुणांची तुलना आदर्श आरोग्याशी न करता त्याच्या समवयस्कांच्या गुणांशी करावी लागते, आणि त्यासाठी वयवार व लिंगवार तक्ते जनतेच्या पाहणीतूनच तयार करावे लागतात. शिवाय ब्रिटनमध्ये १९९३ साली यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी, मृत्यूला शून्य आणि पूर्ण आरोग्याला एक असे मूल्य धरून, मधल्या अवस्थांचे मोल सामान्य नागरिकांनाच विचारले. कारण ज्यांच्या करातून सार्वजनिक रुग्णसेवा चालते, त्यांचा अभिप्राय तिच्या खर्चाच्या निर्णयात गणला जाणे न्याय्य होय.

यास्तव इस्पितळे, रस्ते आणि शाळा यांची मोजदाद करणाऱ्या प्रत्येक सरकारी पाहणीत नागरिकाच्या स्वतःच्या उत्तरालाही स्थान असले पाहिजे. लोककल्याणाच्या नावाने केलेला खर्च लोकांपर्यंत खरोखर पोहोचला की नाही, याची ग्वाही देण्याचा प्रथम अधिकार त्यांचाच आहे.