डुकरांनी दुरुस्त केलेले घड्याळ

अमुक कवटी २० लाख वर्षांपूर्वीची, असे तुम्ही पुस्तकात वाचता. पण कवटीवर काही जन्मतारीख कोरलेली नसते! कार्बन-१४ ची पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे थिटी पडते. म्हणून शास्त्रज्ञ वय विचारतात ते कवटीच्या आसपासच्या खडकांना.

केनियात तुर्काना सरोवराच्या पूर्वेला कूबी फोरा येथे १९७२ साली रिचर्ड लीकी यांच्या पथकाला एक कवटी मिळाली. तिचा नोंदणी क्रमांक १४७०. ती ज्या थरातली होती, त्याच्या वर ज्वालामुखीच्या राखेचा थर होता. त्याला ‘केबीएस टफ’ म्हणतात. खालचा थर आधी साचलेला असतो. तेव्हा कवटी राखेहून जुनी, हे उघड झाले. प्रश्न उरला राखेच्या वयाचा.

राखेतील स्फटिकांत पोटॅशियम असते. त्यातील किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० च्या काही भागाचे अतिशय संथपणे अरगॉन वायूत रूपांतर होते. तप्त शिलारसातून हा वायू निसटतो. पण स्फटिक थंड झाला, की नवा अरगॉन आतच अडकून साचत जातो. जणू घड्याळ शून्यापासून सुरू होते. या पद्धतीने फिच आणि मिलर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी राखेचे वय सुमारे २६ लाख वर्षे काढले. मग कवटी त्याहून जुनी, २९ लाख वर्षांच्या घरातली ठरली. तिच्यातील मेंदूची जागा होती सुमारे ७५० घन सेंटिमीटर! एवढा मोठा मेंदू इतक्या पूर्वी? मानवाचा वंशवृक्ष नव्याने मांडावा लागणार होता.

हरकत घेतली ती डुकरांनी! त्या काळात तेथील डुकरांच्या काही जातींच्या शेवटच्या दाढा पिढ्यान्‌पिढ्या लांब होत गेल्या होत्या. बेझिल कुक यांनी दाखवून दिले, की या राखेखालची डुकरे उत्तरेकडील इथिओपियाच्या ओमो खोऱ्यातल्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या डुकरांशी जुळतात. दोन्ही ठिकाणे तशी शेजारचीच. मग दाढा सारख्या आणि वयांत एवढी तफावत, हे कसे?

भौतिकशास्त्राच्या यंत्रापुढे दाढांची साक्ष कोण मानणार? वाद कित्येक वर्षे चालला. पण ही राख पाण्याबरोबर वाहत येऊन साचलेली होती आणि अशा राखेत वाटेतल्या जुन्या खडकांचे कण मिसळतात. त्यांतला जुना अरगॉन वय फुगवतो. सर्वांत पहिल्या नमुन्याचे वय तर २२ कोटी वर्षे भरले होते! अखेर राखेतल्या सच्छिद्र प्युमिस दगडांतून स्वच्छ स्फटिक निवडून पुन्हा मोजणी झाली. १९८० साली प्रसिद्ध झालेले उत्तर होते सुमारे १९ लाख वर्षे. १४७० क्रमांकाची कवटी आता सुमारे २० लाख वर्षांपूर्वीची मानतात.