गावाची शिरगणती आणि आपण



ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाची माहिती रंगवलेली असते. घरे इतकी, पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, साक्षर, शेतकरी, शेतमजूर. हे आकडे दिल्ली-मुंबईत तयार होतात असे आपल्याला वाटते. तसे नाही. ते आपल्याच उंबऱ्यावर, आपण जे सांगतो त्यातून तयार होतात. म्हणून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट घरच्या बाईच्या कामाची. प्रगणक, म्हणजे बहुधा शाळेतले गुरुजी किंवा बाई, विचारतात, “मागच्या वर्षात घरातले कोणकोण काम करीत होते?” आपण आपले नाव सांगतो, थोरल्या मुलाचे सांगतो. कारभारणीचे विचारले की म्हणतो, “ती काय, घरीच असते!” खरे तर बेणे सोलणे, भांगलण, वैरण, गोठा, धारा हे सारे तिच्याच अंगावर. घरच्या शेतात बिनमजुरीने राबणे हेसुद्धा जनगणनेच्या हिशेबात कामच आहे. २००१ पासून तर घरापुरते दूध काढणेही काम धरले गेले. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असेल तर ‘मुख्य’, कमी असेल तर ‘सीमांतिक’ अशी नोंद होते. आपण “घरीच” म्हणालो की ती ‘काम न करणारी’ ठरते, आणि गावाच्या तक्त्यात राबणाऱ्या बायका दिसतच नाहीत.

दुसरी गोष्ट फडाकडेच्या कोप्यांची. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. म्हणजे ऐन गाळप हंगामात! बीडकडच्या, पाथर्डीकडच्या टोळ्या त्या वेळी आपल्या शिवारात असतात. मोजणीच्या सगळ्या काळात जो आपल्या घरी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा त्या वेळचा नियम होता. बेघरांची मोजणी २८ तारखेच्या रात्री झाली. म्हणजे तोडणी कामगार आपल्या गावात मोजला गेला पाहिजे. आपल्याकडे तो सुटला तर दोन्हीकडून सुटला, आणि कोपीतली त्याची पोरेबाळेही सुटली.

कुणी म्हणेल, आकड्यांनी काय होते? सपाटीवरच्या भागात ५,००० वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, असे प्रमाण आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य ७ असावेत की १७, हेही लोकसंख्येवरच ठरते. रेशनच्या धान्याचा लाभ किती लोकांना द्यायचा, हे अन्न सुरक्षा कायद्याने जनगणनेवरूनच ठरवायचे असते. मोजला न गेलेला माणूस या कुठल्याच हिशेबात बसत नाही.

२०२१ ची जनगणना कोरोनामुळे लांबली. पुढच्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ हा दिनांक सरकारने जाहीर केला. तोही हंगामातलाच. म्हणून सभासदांना आमची विनंती अशी : घरातल्या बाईचे काम तिला स्वतःला सांगू द्या. आणि आपल्या फडाकडेला कोप्या असतील तर गुरुजींना तिथपर्यंतची वाट दाखवा. आपला ऊस तोडणारी माणसे गावाच्या हिशेबात आली पाहिजेत. तेवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.