तालुक्याला जाऊन येतो

कधी वेळ मिळाला तर कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाड्यांचे नंबर वाचत एक चक्कर मारा. एमएच २३ म्हणजे बीड, २४ लातूर, २६ नांदेड, हे सगळ्यांना पाठ असतं. मध्येच एखादी एमएच ४४ दिसते. हा कुठला जिल्हा? फर्स्ट इयरला असताना यावर आमच्या विंगमध्ये पैज लागली होती. मी म्हटलं होतं, असा जिल्हाच नाही. मी पैज जिंकले आणि पावभाजी खाल्ली. एमएच ४४ म्हणजे अंबाजोगाई, आणि अंबाजोगाई हा जिल्हा नाहीच, बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. तिथे आरटीओ आहे, अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, जिल्हा न्यायालयाचं कोर्ट बसतं, १९७४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. नाही ती फक्त पाटी! (बारामतीला आणि कराडलाही असे स्वतंत्र नंबर आहेत, पण ते पुन्हा कधीतरी.)

मला हे माहीत होतं, कारण माझं आजोळ धर्मापुरी. बीड जिल्हा, तालुका परळी. सुट्टीत गेलं की मामांच्या तोंडी आठवड्यातून एकदा तरी एक वाक्य असायचं, "तालुक्याला जाऊन येतो." मामा कधी 'परळीला' म्हणायचे नाहीत. परळीला जाणं म्हणजे वैजनाथाचं दर्शन, लग्नाचा बस्ता किंवा रेल्वे पकडणं. 'तालुक्याला' म्हटलं की समजायचं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद आहेत आणि मामा आज दिवसभर शेतावर नाहीत. इंग्लिश मीडियममध्ये शिकल्यामुळे मला सातबारा हा आकडा वाटायचा. तो गाव नमुना नंबर सात आणि बारा असा जोडकागद असतो, हे मला अकरावीत कळलं. सातमध्ये जमीन कुणाची ते, बारामध्ये पीक काय ते.

तर तालुक्याचं ठिकाण म्हणजे नक्की काय? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्याची एका ओळीत व्याख्या होती. आपल्यापैकी बहुतेकांना ती खरी कळली अॅडमिशनच्या वेळी. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. त्याआधी तलाठ्याचा अहवाल (तलाठ्यांना आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणतात, गावात अजून तलाठीच म्हणतात). जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर उपविभागीय अधिकाऱ्यांचं, म्हणजे प्रांतांचं. आणि कास्ट व्हॅलिडिटी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीची. म्हणजे एका मुलाच्या अॅडमिशनसाठी गाव, तालुका, उपविभाग, जिल्हा अशा चार पायऱ्या. प्रत्येक पायरी वेगळ्या गावात असेल तर प्रत्येक पायरीला एक दिवस, एक भाडं आणि घरातल्या एका माणसाची बुडालेली मजुरी.

माझ्या रूममेटचं उदाहरण सांगते. तिच्या तालुक्याचं नाव सांगत नाही. तिचं नॉन-क्रिमीलेअर राऊंडच्या तारखेनंतर तीन दिवसांनी हातात आलं. वडील चार वेळा जाऊन आले होते. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा एक झेरॉक्स कमी, चौथ्या वेळी सही झाली. तोपर्यंत तिचं नाव ओपनमध्ये गेलं होतं. मग जी ब्रँच मिळाली ती तिने घेतली, आणि ती आज आमच्या वर्गात पहिल्या पाचात आहे. पण तिचे वडील अजून म्हणतात, तालुका पायाखालचा असता तर पाचव्यांदासुद्धा गेलो असतो. त्यांचं गाव तालुक्यापासून दोन एसट्या बदलण्याच्या अंतरावर आहे.

आता जरा मागे जाते. हे ठिकाण ठरवतं कोण?

धर्मापुरीला गेलात तर केदारेश्वराचं देऊळ बघा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं, साधारण बाराव्या शतकाचं. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींच्या इतक्या सुंदर मूर्ती आहेत की आमच्या ड्रॉइंगच्या सरांना एकदा नेऊन दाखवायची इच्छा आहे. गावाला किल्लाही आहे, आणि त्याच्या भिंतीत देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. आता विचार करा. एवढं देऊळ आणि वर किल्ला, म्हणजे कधीकाळी या गावात सत्ता असलेली माणसं बसत असणार, आणि आसपासचे लोक आपापलं गाऱ्हाणं घेऊन इथे येत असणार. तेव्हा 'तालुका' हा शब्द नसेल, पण मामांसारखी पिशवीवाली माणसं असतीलच. आज त्याच गावातून लोक बाहेर जातात.

तेराव्या शतकात यादवांचा सेनापती खोलेश्वर अंबाजोगाईला होता, त्याचे शिलालेख तिथे आहेत. पुढे निजामाच्या राज्यात त्याच गावाचं नाव मोमिनाबाद झालं आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी तिथे आली. आज आपण ज्याला जिल्हा म्हणतो ती रचना इकडे आणली सालारजंगांनी, १८६० च्या दशकात. तिला जिल्हाबंदी म्हणतात. त्याआधी सारा गोळा करायचं काम बरंचसं मक्त्याने चालायचं. मग पगारी अधिकारी आले. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला तेव्हा कलेक्टर नव्हे, 'अव्वल तालुकदार' म्हणत. जिल्ह्याचं ठिकाण झालं बीड. बीड आणि मोमिनाबाद यांच्यातलं अंतर तेव्हापासून आजपर्यंत कमी झालेलं नाही, ते नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. धर्मापुरी तर त्याच्याही पलीकडे. धर्मापुरीच्या माणसाला लातूर जवळ आणि बीड लांब. ट्यूशन लातूरला, मोठा दवाखाना अंबाजोगाईला नाहीतर लातूरला, पण जिल्ह्याचं काम निघालं की शंभराहून जास्त किलोमीटर उलट्या दिशेने.

परळी पूर्वी अंबाजोगाई तालुक्यातच होती. २००१ च्या जनगणनेत ती स्वतंत्र तालुका म्हणून दिसते. आज बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. धर्मापुरीच्या दृष्टीने हा बदल छोटा नव्हता. मामा सांगतात, पूर्वी 'तालुक्याला' म्हटलं की अंबाजोगाई असायची. ते एकच वाक्य, नुसतं गाव बदललं.

इथे एक गंमत आहे. परळीला रेल्वे आली निजामाच्या काळात. धर्मापुरीच्या जवळच्या घाटनांदूरलासुद्धा स्टेशन आहे. ज्योतिर्लिंग आहे, औष्णिक वीज केंद्र आहे. आणि जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बीडला पहिली प्रवासी गाडी धावली १७ सप्टेंबर २०२५ ला! म्हणजे कचेरीचं गाव रेल्वेशिवाय जिल्हा चालवत होतं आणि रेल्वेचं गाव तालुका होण्याची वाट बघत होतं.

अमेरिकेत याच्या बरोबर उलटं झालं. तिथल्या मधल्या सपाट प्रदेशात, कॅन्सस राज्यात, १०५ काउंटी आहेत. काउंटी म्हणजे अधिकाराने जिल्हा आणि आकाराने आपला एखादा तालुका असं समजा. काउंटीच्या मुख्य गावाला तिकडे 'काउंटी सीट' म्हणतात. कोर्ट, शेरीफ, जमिनीच्या नोंदी, टॅक्स, लग्नाचा परवाना, सगळं त्या एका गावात, बहुतेक वेळा चौकातल्या एका इमारतीत. एक ढोबळ हिशोब सांगितला जातो: शेतकऱ्याने सकाळी घोडागाडी जुंपावी, कचेरीतलं काम उरकावं आणि अंधार पडायच्या आत घरी यावं. हे वाचलं तेव्हा मला एकदम मामांची संध्याकाळची एसटी आठवली.

गावं नवीन होती, जमीन विकायला काढलेली होती. ज्या गावाला सीट मिळेल तिथे वकील येणार, खानावळ चालणार, प्लॉटचे भाव चढणार. ज्याला मिळणार नाही ते ओस पडणार. निर्णय मतदानाने व्हायचा, त्यामुळे बोगस मतदान आलंच. आणि रेल्वेने बगल दिलेल्या गावाचं काही खरं नसायचं. ग्रे काउंटीत सिमरॉन आणि इंगल्स अशी दोन गावं भांडत होती. इंगल्सच्या मागे एसा सोल नावाचा श्रीमंत माणूस होता, 'हॉप बिटर्स' नावाचं औषध विकून पैसे केलेला. १२ जानेवारी १८८९ ला इंगल्सची भाड्याची बंदूकधारी माणसं घोडागाडी घेऊन सिमरॉनला गेली. बँक लुटायला नाही. काउंटीची दप्तरं उचलून आणायला! गोळीबार झाला, सिमरॉनचा एक माणूस मेला, आणि काही हल्लेखोर कचेरीच्या माडीवर तासन्‌तास अडकून पडले. शेवटी सीट सिमरॉनलाच राहिली, आजही तिथेच आहे.

मला यातली दप्तराची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या लोकांना बरोबर कळलं होतं की इमारत कुठेही बांधता येते, जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारं रजिस्टर जिथे असेल ते गाव राजधानी. तालुक्याच्या चौकात बघा. स्टॅम्प व्हेंडर, अर्ज लिहून देणारे, झेरॉक्सवाले, वकिलांची टेबलं, चहाची टपरी, मिसळ, समोर चपला दुरुस्त करणारा. हे सगळे त्या रजिस्टरभोवती गोळा झालेले असतात. कचेरी हलली तर ही सगळी वरात हलते. म्हणूनच आपल्याकडे नवीन तालुका किंवा जिल्हा म्हटला की गावं बंद होतात, रास्ता रोको होतात, उपोषणं होतात. १९८२ ला उस्मानाबादमधून (आजचा धाराशिव) लातूर वेगळा झाला. अंबाजोगाई जिल्हा करा ही मागणी कितीतरी वर्षांची आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, एका पाटीसाठी एवढं काय? त्याने एकदा धर्मापुरीहून बीडला एका सहीसाठी जाऊन यावं.

अर्थात दुसरी बाजू पण आहे. कॅन्ससमध्येच ग्रीली काउंटी आहे. होरेस ग्रीली नावाच्या संपादकावरून काउंटीचं नाव, त्याच्या 'ट्रिब्यून' या वर्तमानपत्रावरून मुख्य गावाचं नाव ट्रिब्यून, आणि शेजारच्या गावाचं नाव होरेस! २०२० च्या जनगणनेत त्या अख्ख्या काउंटीत तेराशे माणसंसुद्धा नव्हती. म्हणजे आपल्या कॉलेजच्या दोन-तीन बॅचेस. ट्रॅक्टर मोठे झाले, शेतकरी कमी झाले, पोरं शहरात गेली, पण कोर्ट, शेरीफ, खजिनदार सगळं चालवायचंच. शेवटी २००९ ला ट्रिब्यून गाव आणि काउंटी यांचा कारभार एकत्र केला गेला. माणूस जवळ हवा म्हणून कचेऱ्या वाढवत गेलो तर त्यांचा पगारही कुणीतरी द्यायचा असतो. त्यामुळे नवीन जिल्हा झाला की सगळं सुटेल असं मी तरी मामांसमोर छातीठोकपणे बोलत नाही.

मग सगळं ऑनलाइन केलं की झालं, असं आम्ही कॉम्प्युटरवाले लगेच म्हणतो. मीही म्हटलं होतं. डिजिटल सहीचा सातबारा आता घरी निघतो, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज गावातल्या सेवा केंद्रातून जातो, आणि याने खरंच बऱ्याच फेऱ्या वाचल्या आहेत. पण शेताची मोजणी, खरेदीखत, वारसाच्या नोंदीवरची हरकत, कोर्टाची तारीख, यातलं काही मोबाईलवर उरकत नाही. मामा मला म्हणाले, "बाई, तुमचं ऑनलाइन चांगलंय. पर ऑनलाइनमंदी चुकलेलं दुरुस्त कराया कुठं जायाचं? तालुक्यालाच की!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सातबारावर त्यांच्या नावातला एक काना चुकला आहे आणि तो दुरुस्त करायला ते यावर्षी दोनदा जाऊन आले आहेत.

मामेभाऊ यंदा अकरावी सायन्सला आहे. मी त्याला सांगितलंय, व्हॅलिडिटीची फाईल बारावीची वाट न बघता आत्ताच टाक, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधून ठेव, आणि प्रत्येक कागदावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते बघ. दाखला पत्र्याच्या पेटीत सापडला. त्यावर तालुका मोमिनाबाद असं लिहिलेलं आहे.