गुऱ्हाळाच्या चुलवाणात हवा आणि जळणाचे नियोजन

गुळाचा रंग, कणी आणि टिकाऊपणा ठरवताना उसाची जात, रसाची साफसफाई आणि गुळव्याचे कौशल्य यांची चर्चा होते. काहिलीखालच्या जाळाकडे मात्र तेवढे लक्ष दिले जात नाही. जाळ कमी पडला तर रस जास्त वेळ उकळत राहतो आणि गुळाचा रंग काळपट होतो. शेवटच्या टप्प्यात जाळ जास्त झाला तर पाक तळाला करपतो. जळणही वाया जाते. कोल्हापूर, सांगली, सातारा भागातील बहुतेक गुऱ्हाळांत घाण्यातून निघालेले चिपाड वाळवून तेच जळण म्हणून वापरले जाते. हे जळण पुरते की कमी पडते, हे हवेच्या नियोजनावर अवलंबून असते.

जळण खरे किती लागते?

- १,००० किलो रसापासून गूळ तयार करताना साधारण ७८० ते ८०० किलो पाणी वाफ होऊन जाते.
- रस उकळीपर्यंत तापवणे आणि एवढ्या पाण्याची वाफ करणे, यासाठी सुमारे ५ लाख किलोकॅलरी उष्णता लागते.
- चांगल्या वाळलेल्या (सुमारे १० टक्के ओलावा) एक किलो चिपाडातून साधारण ३,५०० किलोकॅलरी उपयुक्त उष्णता मिळते. म्हणजे अजिबात नासाडी झाली नाही तर १४० ते १४५ किलो चिपाड पुरेसे आहे.
- उसातून ६० टक्के रस निघाला असे धरले, तर एवढ्या रसामागे वाळलेले चिपाड सुमारे ३७० किलो मिळते.

कोणत्याही चुलवाणात सगळी उष्णता काहिलीला मिळत नाही. तरीही गरजेच्या अडीचपट जळण हाताशी असताना बाहेरून लाकूड आणावे लागत असेल, तर उष्णता धुराड्यातून, भिंतींतून किंवा ओल्या चिपाडात वाया जात आहे असे समजावे.

हवा कमी किंवा जास्त झाल्यास काय होते?

एक किलो वाळलेले चिपाड पूर्ण जळण्यासाठी किमान पाच किलो, म्हणजे सुमारे साडेचार घनमीटर हवा लागते. प्रत्यक्षात हवा आणि जळणातून निघणारा वायू पूर्ण मिसळत नाहीत, म्हणून ३० ते ५० टक्के हवा जास्त द्यावी लागते.

- *हवा कमी पडली तर:* चिपाडातील ज्वलनशील वायू न जळताच बाहेर जातो. धुराड्यातून दाट काळा धूर येतो, काहिलीच्या बुडाला काजळी धरते आणि उष्णता रसापर्यंत पोहोचण्यास अडथळा येतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो.
- *हवा फार झाली तर:* धूर दिसत नाही, त्यामुळे सर्व ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात जादा थंड हवा चुलवाणात तापते आणि ती उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते. जळण भराभर संपते, पण उकळी जोर धरत नाही.

धुराड्यातून फिकट करडा, विरळ धूर आणि काहिलीखाली पिवळसर-नारिंगी, बुडाला पसरलेली ज्योत ही योग्य जाळाची खूण आहे. धूर-वायू तपासण्याचे यंत्र उपलब्ध असल्यास त्यात ऑक्सिजन ५ ते ७ टक्के असावा.

हवा कोठून द्यावी?

१. हवा जाळीखालच्या राखेच्या खड्ड्यातून वर यावी, म्हणजे ती जळणातून जाते. जळण टाकण्याच्या तोंडातून शिरलेली हवा जळणाला न भिडता थेट धुराड्याकडे जाते. या तोंडाला लोखंडी झाकण बसवावे व जळण टाकून झाले की ते लावावे.

२. जाळीवरची राख प्रत्येक आधणानंतर ओढावी आणि खड्डा रिकामा करावा. जाळीची भोके बुजली की खालून हवा येत नाही.

३. काहिलीची कड आणि चुलवाणाची भिंत यांमधील फटी मातीने लिंपून घ्याव्यात. या फटींतून थंड हवा आत ओढली जाते.

४. धुराड्याच्या मार्गात लोखंडी झडप बसवावी. उंच धुराड्यातील गरम वायू हलका असल्याने वर जातो व खालून हवा ओढतो. ही ओढ कमी-जास्त करण्याचे काम झडप करते.

५. पंखा बसवला असल्यास त्याला वेग किंवा हवा कमी करण्याची सोय हवी. पंखा सतत पूर्ण वेगाने चालवल्यास अर्धवट जळालेले चिपाड उडून धुराड्यात जाते.

जळण कसे घालावे?

ताज्या चिपाडात जवळपास निम्मे पाणी असते. अशा एक किलो चिपाडातून फक्त सुमारे १,७०० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणून चिपाड पातळ पसरून, उलथून उन्हात वाळवावे आणि पावसापासून व दवापासून झाकून ठेवावे.

एकदम मोठा भारा टाकू नये. त्याने जाळ दबतो, काळा धूर येतो आणि थोड्या वेळाने एकदम भडका उडतो. थोडे थोडे चिपाड ठरावीक अंतराने, जाळीवर सारखे पसरेल असे टाकावे. जळण वाढवले की हवा वाढवावी आणि कमी केले की हवाही कमी करावी.

टप्प्यानुसार जाळ

- *मळी काढताना:* जाळ मध्यम ठेवावा, झडप अर्धवट उघडी असावी. रस एकदम उकळल्यास मळी पुन्हा रसात मिसळते.
- *मळी काढल्यानंतर:* जाळ पूर्ण वाढवावा. या टप्प्यात पाणी जितके लवकर उडेल तितका गुळाचा रंग चांगला राहतो.
- *पाक घट्ट होताना:* तापमान ११० अंश सेल्सिअसच्या पुढे जाताच जळण कमी करत आणावे व झडप ओढून घ्यावी. चुलवाणाच्या विटांत साठलेली उष्णता पुढेही काम करते. काकवी साधारण १०५ ते १०६ अंशांना, तर ढेपेचा गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरवतात. अंदाजाबरोबर तापमापीही वापरावी.
- *काहील उतरवल्यावर:* रिकामी काहील जाळावर ठेवू नये. पुढच्या आधणाचा रस आधीच तयार ठेवावा.

सुरक्षितता

- जाळ चालू असताना झडप कधीही पूर्ण बंद करू नये. ज्वाळा आणि विषारी वायू तोंडातून बाहेर येतात.
- जळणाचे तोंड उघडण्यापूर्वी झडप थोडी उघडावी. उघडताना समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे.
- जळण कमी पडले म्हणून जुने टायर, प्लास्टिक किंवा रबर जाळू नये. त्यांचा धूर काम करणाऱ्यांना घातक आहे आणि त्यातील काजळी व घातक घटक उघड्या रसात पडू शकतात.

सुरुवात कोठून करावी?

नवीन चुलवाण बांधण्याआधी आहे त्याच चुलवाणात बदल करून पाहावा. एका आधणाला लागणारे चिपाड वजन करून वहीत नोंदवावे, लागलेला वेळही लिहावा. त्यानंतर फटी लिंपणे, तोंडाला झाकण, धुराड्याला झडप असे बदल एकेक करून पुन्हा मोजावे. कोणत्या बदलाने किती जळण वाचले ते स्पष्ट दिसते. शिल्लक चिपाड विकता येते किंवा कंपोस्टसाठी वापरता येते. धुराड्यातून जाणारी उष्णता त्यानंतरही जास्त वाटल्यास, त्या मार्गावर रस आधी तापवण्यासाठी दुसरी काहील बसवण्याचा विचार करावा.