कमानीसमोरचा फोटो, नांदेडची गुणपत्रिका

हिंगोली जिल्ह्यातील बौद्ध वस्त्यांमध्ये आम्ही फिरलो तेव्हा एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरली. घर पत्र्याचे असो की घरकुलाचे, समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब असतातच. पण काही घरांत त्यांच्याखाली आणखी एक फोटो दिसतो. आईवडील, दोन लेकरे, पांढऱ्या साडीतली आजी आणि पाठीमागे विद्यापीठाची कमान. तारीख विचारावी लागत नाही. १४ जानेवारी!

ज्या घरात हा फोटो आहे, त्या घरातले कोणी त्या विद्यापीठात शिकले असेलच असे नाही. बहुतेक ठिकाणी नाहीच. जुन्या माणसांच्या दृष्टीने ते कॉलेजांचे विद्यापीठ नाही, ते आपण मिळवलेले विद्यापीठ आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्याच शहरात कॉलेज काढले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. शिक्षणाला मागासलेल्या या भागात आधी बाबासाहेब आले आणि मग विद्यापीठ आले, हे आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. आजच्या साठी-सत्तरीतल्या बाया तेव्हा नुकत्या नांदायला आलेल्या. दंगलीचा विषय काढला की त्या आधी गप्प होतात आणि मग घरातल्या ज्वारीच्या कणगीबद्दल बोलतात. माणसांचे बोलणे सोपे नसते, म्हणून जळालेल्या दाण्यांचे बोलायचे. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांचा बळी याच दिवसांत गेला. पुढे २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागले. जवळजवळ सोळा वर्षे एका नावासाठी!

आणि आता जे सांगायचे, ते नव्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊकही नाही. त्याच १९९४ साली १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याच्याकडे गेले. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तोही अर्थात नांदेडकडेच राहिला. म्हणजे नाव मिळाले जानेवारीत, आणि आठ महिन्यांत आपली कॉलेजे त्या नावाखालून निघाली. ज्यांनी घरे जळताना पाहिली, त्यांच्या नातवंडांच्या गुणपत्रिकेवर बाबासाहेबांचे नाव येत नाही.

याचे वाईट वाटते का, असे आम्ही विचारत गेलो. म्हाताऱ्यांना वाटते. मधल्या पिढीला विचारले तर ती हिशेब मांडते. जुने विद्यापीठ दोनशेवर किलोमीटर दूर. नांदेडला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर करीत एस. टी. नांदेडला पोहोचते, विद्यापीठ मात्र शहराबाहेर विष्णुपुरीला, तेव्हा पुढे आणखी एक गाडी. मार्च २०२३ पासून बायकांना एस. टी.त निम्मे तिकीट झाले, त्यामुळे एखादा कागद आणायला लेकीबरोबर आईही जाऊ लागली. हे लहानसे वाटेल, पण एकट्या मुलीला पाठवायचे की नाही यावर अनेक घरांत शिक्षण अडत होते. आमच्या मते जवळ विद्यापीठ आल्याचा खरा लाभ मुलींनाच झाला, आणि हा लाभ त्या भावनेपुढे हलका धरू नये.

मुलांना विचारावे तर ती वेगळेच बोलतात. नाव कोणाचे, यापेक्षा पदवी घेऊन पुढे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. वसमत-हिंगोलीकडची हळद निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. काढणी, शिजवणी, वाळवणी या कामांत सारे घर गुंतते आणि नेमके तेच दिवस अभ्यासाचे असतात. ज्या घरचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, तिथे थोरल्या बहिणीचे कॉलेज म्हणजे आधी धाकट्यांचा स्वयंपाक आणि मग तास. बी. ए. होऊनही पुन्हा हळदीच्याच वाफ्यात उभे राहायचे असेल तर तीन वर्षे कशाला, असे एका बापाने विचारले. त्याला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. त्याची बायको मात्र चुलीपासून म्हणाली की, वाफ्यात उभे राहायचेच असेल तर शिकून उभी राहील, मजुरीचा हिशेब तरी कोणी चुकीचा सांगणार नाही.

पैशाची बाजू नीट माहीत नसल्याने पुष्कळ घरे उगाच घाबरतात, असेही दिसले. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्धांच्या मुलांना मिळते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची 'स्वाधार' योजना आहे. राहण्याजेवण्याची रक्कम मुलाच्या बँक खात्यात येते. रक्कम उशिरा येते ही तक्रार घरोघर ऐकली, आणि खानावळवाला तोवर थांबत नाही, हेही खरे. पण अर्जच न केल्याने गेलेली वर्षेही कमी नाहीत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पडताळणी हे बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच करून ठेवावे.

आणि जुने विद्यापीठ आपल्याला बंद झालेले नाही. नांदेडची पदवी घेऊन, तिथले स्थलांतर प्रमाणपत्र काढून एम. ए., एम. एस्सी.साठी तिकडे प्रवेश घेता येतो. औंढ्याकडच्या एका घरी अशीच एक मुलगी आम्हाला भेटली. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, तरी तिची आजी अजून औरंगाबादच म्हणते. आजीला अक्षर येत नाही. नात प्रवेशाची पावती घेऊन आली तेव्हा आजीने चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा केला आणि बाबासाहेबांचे नाव नेमके कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितले. नातीने दाखवले. आजीने त्या जागेवर आपला अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाली, जेवून घे, गाडी पहाटेची आहे.