अनवाणी धावणे

अनवाणी धावणे म्हणजे पायात कोणतेही पादत्राण न घालता धावणे. पाऊल शक्य तितके मोकळे राहावे म्हणून पातळ तळाची, उंच टाच व गादी नसलेली हलकी पादत्राणे घालून धावण्याच्या प्रकाराला ‘मिनिमलिस्ट’ धावणे म्हणतात. दोन्ही प्रकारांत जमिनीचा स्पर्श तळव्याला जाणवतो आणि त्यानुसार पाऊल टाकण्याची पद्धत बदलते. थंडीत तळवा बधिर होऊन ही जाणीव मंदावते. त्यामुळे हिवाळ्यात अनवाणी धावताना उन्हाळ्यापेक्षा वेगळी काळजी घ्यावी लागते.

इतिहास

मनुष्य हजारो वर्षे अनवाणी किंवा साध्या चपला घालून धावत आला आहे. टाचेखाली जाड गादी असलेले धावण्याचे बूट १९७० च्या दशकानंतर सर्वत्र रूढ झाले. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याने १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकली. त्याने घेतलेला २ तास १५ मिनिटे १६ सेकंद हा वेळ त्या काळी जागतिक उच्चांक ठरला. १९६४ साली टोकियोत त्याने बूट घालून पुन्हा सुवर्णपदक मिळवले. मेक्सिकोतील ताराहुमारा जमातीचे लोक पातळ चपला घालून डोंगराळ प्रदेशात लांब अंतर धावतात. त्यांच्याविषयीचे ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाल्यावर अनेक देशांतील हौशी धावपटू या प्रकाराकडे वळले.

महाराष्ट्र व सीमाभाग

भारताच्या ऑलिंपिक इतिहासाच्या प्रारंभाशी अनवाणी धावणाऱ्यांचा संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी धावत असत. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण नसतानाही त्यांनी नोंदवलेल्या वेळा पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा प्रभावित झाले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय संघ पाठवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. या संघातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी धावण्याची सुरुवात अनवाणी केली. पादत्राणांवाचूनही करता येणारा खेळ म्हणून त्यांनी धावणे निवडले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळाले. पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून लता भगवान करे या ज्येष्ठ शेतमजूर महिला बारामतीच्या स्पर्धेत नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धावल्या व आपल्या गटात जिंकल्या. त्यांच्या जीवनावर त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला असून त्यात त्यांनी स्वतःची भूमिका केली आहे. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१६ साली अहमदाबाद ते मुंबई हे सुमारे ५२७ किलोमीटरचे अंतर अनेक टप्प्यांत अनवाणी पार केले.

या उदाहरणांत दोन भिन्न परिस्थिती दिसतात. काही धावपटूंसाठी अनवाणी धावणे ही विचारपूर्वक केलेली निवड असते, तर काहींकडे बूट नसतात म्हणून ते अनवाणी धावतात.

शरीरशास्त्र

गादीचे बूट घालून धावणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींची टाच प्रथम जमिनीवर टेकते. कठीण जमिनीवर अनवाणी धावताना टाचेला थेट हादरा बसतो, म्हणून अनेक धावपटू चवडा किंवा पावलाचा मधला भाग आधी टेकवतात आणि पावले लहान व जलद टाकतात. डॅनियल लिबरमन व सहकाऱ्यांनी २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चवड्यावर उतरणाऱ्या अनवाणी धावपटूंमध्ये जमिनीवर आदळण्याचा प्रारंभीचा हादरा कमी असतो. मात्र हा नियम सार्वत्रिक नाही. उत्तर केनियातील दासानाच जमातीच्या सदैव अनवाणी राहणाऱ्या लोकांच्या पाहणीत, स्वतःला सोयीच्या वेगाने धावताना बहुतेक जण टाचेवर उतरत असल्याचे २०१३ साली दिसून आले.

चवड्यावर उतरल्याने गुडघ्यावरील भार काहीसा घटतो, परंतु पोटरी, टाचेमागील स्नायुबंध आणि चवड्याची लांब हाडे यांच्यावरील भार वाढतो. म्हणजेच भार नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे सरकतो. २०१३ च्या एका अभ्यासात नेहमीच्या बुटांतून बोटांच्या आकाराच्या पातळ बुटांकडे १० आठवड्यांत वळलेल्या धावपटूंपैकी अनेकांच्या पावलांच्या हाडांत ताणाची लक्षणे आढळली. अशा बुटांची निर्माती व्हायब्रम हिच्यावर आरोग्यलाभाचे निराधार दावे केल्याबद्दल अमेरिकेत खटला झाला. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता सुमारे ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली.

थंडीचा परिणाम

थंडीत शरीर आपली उष्णता मध्यभागी राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. तळव्याचे तापमान उतरले की चेतातंतूंमधील संदेशवहन मंदावते व स्पर्श आणि वेदना कमी जाणवतात. अनवाणी धावपटूचे संरक्षण याच जाणिवेवर अवलंबून असते. खडा टोचताच पाऊल आपोआप हलके पडते, पण बधिर पावलात ही क्रिया उशिरा घडते. त्यामुळे काटा किंवा काच रुतल्याचे धावणे संपल्यावरच लक्षात येऊ शकते. थंड स्नायू व स्नायुबंध ताठर असल्याने पोटरी दुखावण्याचा संभवही वाढतो.

बर्फाळ प्रदेशात हिमदंशाचा, म्हणजे त्वचा व ऊती गोठण्याचा धोका असतो. महाराष्ट्राच्या मैदानी भागात तो नसतो. येथे बधिरता, दवाने ओले झालेले पाय आणि कोरड्या हवेने टाचांना पडणाऱ्या भेगा हे प्रश्न असतात. ओले पाऊल कोरड्यापेक्षा लवकर गार पडते. खोल भेगांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

पालम परिसरातील स्थिती

परभणी जिल्ह्यातील पालम तालुका गोदावरीच्या खोऱ्यात, काळ्या जमिनीच्या प्रदेशात आहे. डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्यातील पहाटेचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते, तर दुपारी ऊन तापते. पोलीस भरती व सैन्य भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी पहाटे रस्त्यांवर व मैदानांवर धावतात. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्याचा समावेश असतो. ग्रामीण भागातील अनेक उमेदवार सराव अनवाणीच करतात.

या काळात शेतवाटांवर सराटे व बाभळीचे काटे पडलेले असतात. काढणी झालेल्या सोयाबीनची धसकटे टणक व अणकुचीदार असतात. पावसाळ्यात चिखलात उमटलेल्या चाकोऱ्या वाळून कडक होतात व त्यांत घोटा मुरगळतो. काट्याचा तुकडा आत राहिल्यास कुरूप होते. उमेदवारासाठी अशी दुखापत किरकोळ नसते, कारण काही आठवड्यांचा सराव बुडाल्यास त्या वर्षीची संधी हुकू शकते.

सराव व दक्षता

हिवाळ्यात अंधारात धावण्याऐवजी उजाडल्यावर धावणे श्रेयस्कर ठरते. प्रथम पादत्राणे घालून १० ते १५ मिनिटे चालावे किंवा हळू धावावे व पाय उबदार झाल्यावरच ती काढावीत. धड व डोके उबदार ठेवल्यास पायांकडील रक्तप्रवाह टिकण्यास मदत होते. तळवा बधिर वाटू लागताच पादत्राणे घालावीत. ती जवळ असावीत म्हणून घरापासून दूर एकाच दिशेने जाण्यापेक्षा झाडलेल्या मैदानावर फेऱ्या मारणे सोयीचे असते.

बुटांची सवय असलेल्यांनी अनवाणी धावण्याचा आरंभ काही मिनिटांपासून करावा व अंतर अनेक आठवड्यांत वाढवावे. चवड्याच्या हाडावर एकाच जागी दुखणे टिकून राहिल्यास धावणे थांबवून वैद्यकीय तपासणी करावी. धावल्यानंतर पाय धुऊन, पुसून तळवे पाहावेत आणि भेगांना तेल किंवा मलम लावावे. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. ओलसर व मलदूषित मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या त्वचेवाटे शरीरात शिरतात, म्हणून अशा जागी अनवाणी जाऊ नये.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींनी, तसेच पायांचा रक्तपुरवठा मंद असलेल्यांनी कोणत्याही ऋतूत अनवाणी धावू नये. त्यांच्या बाबतीत जखम लक्षात न येण्याचा धोका कायम असतो.