तेलाने न उकलणारी शिवण

तान्ह्या मुलाचे डोके वाकडे दिसू लागले की, आमच्या घरांतील वडीलधारी मंडळी प्रथम दोष देतात तो न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला आणि मग ग्रहणाला. टाळू भरावी, डोके चोळून गोल करावे, वर्षभरात सारे ठीक होईल, असा दिलासा मिळतो. पुष्कळदा तो खरा ठरतो, हीच यातली खरी अडचण आहे.

सतत एकाच बाजूस मान टाकून निजल्याने डोक्याची मागील बाजू चपटी होते. त्या बाजूचा कान पुढे सरकलेला दिसतो. उताणे निजविताना मान आलटून पालटून वळवावी, जागेपणी देखरेखीखाली पालथे ठेवावे. बहुतेक मुले सुधारतात. तेथे शस्त्राचे काम नाही.

परंतु सुमारे दोन ते अडीच हजार मुलांत एकाच्या कवटीची एखादी शिवण अकाली सांधली जाते. मेंदू तर पहिल्या वर्षी झपाट्याने वाढत असतो. कपाळाच्या एका बाजूची शिवण मिटली की ती बाजू दबते, भुवई वर ओढली जाते, नाक कलते. क्वचित मेंदूवर दाब येतो, दृष्टीसही अपाय होतो. हा केवळ रूपाचा, किंवा मुलगी असल्यास तिच्या लग्नाचा, प्रश्न नव्हे. सांधलेले हाड खोबरेलाने उकलत नाही.

कवटीच्या मार्गाने चेहऱ्याची हाडे हलविता येतात, हे फ्रेंच शल्यविशारद पॉल टेसिए यांनी 1967 साली रोमच्या परिषदेत जगापुढे मांडले. मेंदूच्या शल्यवैद्याला सोबतीस घेऊन केलेले ते साहस होते. आज अशी शस्त्रक्रिया सामान्यतः सहा महिने ते वर्षाच्या आत करतात. रक्तस्रावाचा धोका असतो, पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. 1998 पासून प्रसिद्ध झालेली दुर्बिणीची रीत लहान छेदाची आहे. मात्र ती तिसऱ्या महिन्याच्या सुमारास साधते, मागाहून काही महिने शिरस्त्राण घालावे लागते. आठव्या महिन्यापर्यंत तेल चोळीत बसलेल्या घराला ते दार मिटलेलेच असते.

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यास मूल लसीकरणासाठी आरोग्य केंद्रात येतेच. त्या तिन्ही वेळी डोके वरून न्याहाळावे, शिवणींवरून बोट फिरवावे, घेर मोजून कार्डावर लिहावा, असा आदेश आरोग्य खात्याने काढावा, अशी आमची मागणी आहे. शंका येताच मुलाला मेंदू आणि चेहरा या दोहोंचे शल्यवैद्य एकत्र तपासतील अशा रुग्णालयात त्याच आठवड्यात पाठवावे.